दोन्ही घरचा पाहुणा उपाशी

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांना गोड काही वाचायचं असेल त्यांनी माझा फणसाच्या सांदणांवरचा लेख पुन्हा वाचावा. आजचा विषय तसा नाही.

भांडण कशावरून, ते सरळच सांगते. त्वचेचा लिम्फोमा झालेला माणूस वर्षानुवर्षं दवाखान्यात जातो. त्याच्या अंगावरचा एकेक डाग बघितला जातो, मापला जातो, त्याचे फोटो काढले जातात. पण त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधावा असं कुणाच्या मनात येत नाही. साखर किती, कोलेस्टेरॉल किती, तंबाखू खाता का, वडिलांना हार्टचा त्रास होता का, यातलं काही कुणी विचारत नाही. आणि घरचे तर, 'आता कॅन्सरच झालाय, बाकीचं काय घेऊन बसायचं!' असं म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण हा रोग नऊ वर्षं माझ्याच अंगावर आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मी कुणाकडून मागून घेणार नाही. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना 'मावशीच्या अंगावर काहीतरी चट्टे आहेत' एवढंच माहीत आहे. त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख.

रोगाचं नाव मायकोसिस फंगॉइडिस. नावावरून वाटतं बुरशी असेल, गजकर्णासारखं काही. बुरशीचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. पॅरिसच्या साँ-लुई रुग्णालयात जाँ-लुई अलिबेर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८०६ साली असा एक रुग्ण नोंदवला. त्याच्या अंगावरच्या गाठी त्यांना अळंब्यांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव पडलं. एवढा काळ लोटला तरी ते चिकटून आहे. खरं तर हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. टी-पेशी नावाच्या या पेशींचं काम शरीराचं रक्षण करण्याचं. त्यातल्या काही बिघडतात आणि कातडीत येऊन मुक्काम ठोकतात. या कुटुंबाला टी-पेशींचा त्वचेचा लिम्फोमा म्हणतात, आणि त्यात आमचा हा सगळ्यात जास्त आढळणारा. 'जास्त आढळणारा' म्हणजे तरी किती? दहा लाख लोकांत वर्षाला काही मोजके. बहुतेकांना तो पन्नाशी-साठीनंतर गाठतो.

तो सुरुवातीला इसब किंवा सोरायसिससारखा दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तर कधी कधी फिकट, पांढुरके चट्टे उठतात. मग कोड म्हणून, शिबं म्हणून, कधी कुष्ठरोगाची शंका म्हणून उपचार होत राहतात. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइडची मलमं चोळली की चट्टा दबतो आणि ओळखणं आणखी कठीण होतं. बायॉप्सी होऊन नाव कळेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. माझीही गेली.

आता मुद्द्याचं. हा रोग बहुतेकांच्या बाबतीत गोगलगायीच्या चालीनं चालतो. चट्टे अंगाच्या दहा टक्क्यांहून कमी भागावर असतील, गाठी नसतील, रक्तात आणि लसिकाग्रंथींत काही नसेल, तर त्याला पहिला टप्पा, त्यातही 'अ' म्हणतात. मी तिथे आहे. या टप्प्यातल्या माणसांचं आयुष्य त्यांच्याच वयाच्या बाकीच्या माणसांएवढंच असतं, असं अमेरिकेत वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा करून दिसून आलेलं आहे. हे वाक्य माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते.

पण शिक्षकी पेशातल्या माणसाला वाक्य पूर्ण वाचायची खोड असते. 'बाकीच्या माणसांएवढंच आयुष्य' याचा अर्थ काय? माझ्यासारख्यांपैकी बहुतेकांना हा लिम्फोमा नेणार नाही. मग कोण नेणार? बाकीच्यांना जो नेतो तोच. आणि बाकीच्यांना नेणाऱ्यांच्या यादीत पहिला नंबर कुणाचा लागतो हे आपल्या घरातल्या भिंतींवरचे हार घातलेले फोटो सांगतील. माझे वडील, थोरले दीर, शेजारचे काका... सगळे हार्टनं गेले.

हे नुसतं माझं घरगुती गणित नाही. अमेरिकेत कॅन्सर झालेल्या बत्तीस लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी तपासून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोंदी १९७३ ते २०१२ या काळातल्या, कॅन्सर अठ्ठावीस प्रकारचे. त्यातली ३८ टक्के माणसं कॅन्सरनं गेली होती. आणि ११ टक्क्यांहून थोडी जास्त माणसं हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. म्हणजे कॅन्सर झालेल्या दर नऊ माणसांत एक जण हृदयानं गेला, आणि त्याच्या फाइलवर तर 'कॅन्सर पेशंट' एवढंच ठळक लिहिलेलं. शिवाय हे सगळ्या कॅन्सरांचं एकत्र गणित. जो कॅन्सर मुळात हळू चालतो, त्याच्या रुग्णाला हृदयविकारासाठी आयुष्य जास्त शिल्लक असतं, हे कळायला संख्याशास्त्र लागत नाही.

आता कुणी म्हणेल, 'अहो बाई, म्हातारपणी हार्ट सगळ्यांचंच बिघडतं. त्यात तुमच्या कातडीचा काय संबंध?' संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

पूर्वी समजूत अशी होती की हृदयाच्या रक्तवाहिन्या म्हणजे नळ, त्यात चरबीचा गाळ साचतो आणि एक दिवस नळ तुंबतो. हे अर्धंच खरं. त्या गाळात दाहही असतो. शरीराच्याच संरक्षक पेशी तिथे जमून धुमसत असतात. चरबीचा तो थर दाहानं ठिसूळ होतो, फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि झटका येतो. मग शरीरात दुसरीकडे कुठे वर्षानुवर्षं दाह चालू असेल तर त्याची झळ इथे लागणार नाही का? २००६ साली डॉ. जोएल गेलफँड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या नोंदी तपासून दाखवलं की सोरायसिसच्या रुग्णांना, विशेषतः तरुण वयात तीव्र सोरायसिस असणाऱ्यांना, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बीपी, साखर, सिगारेट या गोष्टी हिशेबात धरूनसुद्धा जास्त. पुढे २०१७ साली डॉ. पॉल रिडकर यांचा 'कँटॉस' नावाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार माणसांवर केलेला. त्यातल्या औषधानं कोलेस्टेरॉल कमी होत नव्हतं, फक्त दाह कमी होत होता, आणि तरीही पुढचे झटके कमी झाले. (त्या औषधानं जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, त्यामुळे ते काही हृदयासाठी सरसकट वापरात आलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.)

आमचा लिम्फोमा हाही कातडीत वर्षानुवर्षं धुमसणाराच. सोरायसिससारखा दिसतो म्हणून तर फसगत होते. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे याच रुग्णांमधलं झटक्याचं आणि पक्षाघाताचं प्रमाण तपासण्यात आलं आहे. अशा अभ्यासांचा कल थोड्या वाढीव धोक्याकडे आहे. मात्र रोगच दुर्मिळ, त्यामुळे अभ्यासातली माणसं शेकड्यांत, लाखांत नाहीत. म्हणून सोरायसिसबद्दल जेवढ्या ठामपणे बोलता येतं तेवढं इथे बोलता येत नाही. मी वकिलीण नाही, त्यामुळे माझ्या बाजूचा पुरावा कच्चा असेल तर तो कच्चा आहे असंच सांगणार.

आणि धोका 'वाढतो' म्हणजे काय तेही सांगते, नाहीतर उद्या पुतणीचा रडत फोन यायचा. समजा, एका गावात आमच्या वयाची हजार माणसं आहेत आणि वर्षभरात त्यातल्या वीस जणांना झटका येतो. धोका दीडपट झाला तर वीसाचे तीस होतील. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) उरलेले नऊशे सत्तर त्या वर्षी ठणठणीत. 'दीडपट' ऐकून झोप उडवून घ्यायची गरज नाही. पण त्या जादा दहा माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना तो आकडा लहान वाटणार नाही, हेही तितकंच खरं.

यावर माझा भाचा, जो स्वतः डॉक्टर आहे, म्हणतो, "मावशी, पुरावा अजून पक्का नाही, मग एवढा आग्रह कशाला?" त्याला माझं उत्तर असं. अरे बाळा, क्षणभर धर की लिम्फोमामुळे हृदयाचा धोका एक दाणाही वाढत नाही. तरी समोर बसलेला माणूस कोण आहे? साठी-सत्तरीचा भारतीय. २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात दहा कोटींवर लोकांना मधुमेह निघाला आणि प्रौढांपैकी जवळजवळ पस्तीस टक्क्यांना उच्च रक्तदाब. 'इंटरहार्ट' नावाचा बावन्न देशांतला अभ्यास २००४ साली आला. त्याच्यातूनच पुढे दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. त्याच अभ्यासानं असंही दाखवलं की तंबाखू, बीपी, साखर, चरबी, पोटाचा घेर, ताण, व्यायाम, फळभाज्या आणि दारू या नऊ गोष्टींतच झटक्याच्या धोक्याचा बहुतेक सगळा हिशेब सापडतो. यातल्या बहुतेक गोष्टी पट्टा, टेप आणि चार साधे प्रश्न एवढ्यावर कळतात. म्हणजे पुरावा पक्का असो की कच्चा, पट्टा बांधायलाच हवा! पुराव्याची वाट बघत बसण्यासारखं यात महाग किंवा धोक्याचं आहेच काय?

आता उपचारांकडे वळू. इथे तर 'पुरावा कच्चा' म्हणायची सोयच नाही.

माझ्यासारख्यांना मलम आणि लाइट थेरपी पुरते. डोळ्यांना गडद चष्मा लावून नळ्यांच्या उभ्या कपाटात काही मिनिटं उभं राहायचं. पण रोग पुढे सरकला की औषधं बदलतात. गोळ्यांवाटे स्टिरॉइड दिली तर साखर आणि बीपी दोन्ही चढतात. बेक्सारोटिन नावाची एक गोळी खास याच लिम्फोमासाठी १९९९ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, कधी कधी भयंकर वाढते, आणि थायरॉइडचं काम मंदावतं. म्हणून ती सुरू करायच्या आधी आणि नंतरही वारंवार उपाशीपोटी रक्त तपासावं लागतं. डॉक्सोरुबिसिन हे जुनं केमोथेरपीचं औषध, त्याचा एकूण डोस वाढत गेला तर हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. त्याचा एक प्रकार या रोगाच्या पुढच्या टप्प्यात वापरतात. रोमिडेप्सिन २००९ साली आलं. त्यानं ईसीजीत बदल दिसू शकतात, म्हणून ते देण्याआधी रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ठीक आहे ना हे पाहायचं असतं.

आणि औषध राहू द्या, रोगच वाढून सगळं अंग लाल झालं, म्हणजे जवळजवळ पूर्ण कातडी सुजून पेटली, तर काय होतं? त्या सगळ्या कातडीतून रक्त धो धो वाहू लागतं. ते पुरवायला हृदयाला रात्रंदिवस जादा राबावं लागतं. आधीच थकलेलं हृदय अशा वेळी हात टेकतं. पायाला सूज येते, दम लागतो. आता सांगा, कातडीचा आणि काळजाचा संबंध नाही म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

बेक्सारोटिनचंच एक उदाहरण देते, कारण माझ्या सगळ्या भांडणाचं सार त्यात आहे. समजा, कातडीच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली. ट्रायग्लिसराइड वाढलं. रुग्ण ते रिपोर्ट घेऊन कोपऱ्यावरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला आणि लिम्फोमाबद्दल बोलला नाही. (कारण घरच्यांनी सांगितलेलं असतं, 'कॅन्सरचं कुठे बोलू नका'.) त्यांनी चरबी कमी करायला जेम्फिब्रोझिल लिहून दिलं. चरबीवरचं चांगलं, जुनं औषध. पण बेक्सारोटिनच्या जोडीला ते चालत नाही. त्यानं रक्तातलं बेक्सारोटिन आणखी वाढतं आणि चरबी उतरायच्या ऐवजी चढते. या जोडीला फेनोफायब्रेटसारखं दुसरं औषध असतं. दोन्ही डॉक्टर हुशार, दोन्ही प्रामाणिक, आणि मधल्या मधे मरण माणसाचं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हा! कातडीवाल्यांना वाटतं हृदयाचं हृदयवाले बघतील. हृदयवाल्यांना वाटतं याचं सगळं त्या कॅन्सरवाल्यांकडे चालू आहे. पाहुणा दोन्ही दारांतून 'जेवून आलाय' म्हणून परत जातो.

नऊ वर्षांत ज्या ज्या त्वचाविभागांच्या पायऱ्या मी चढले तिथे माझं बीपी एकदाही मोजलं गेलं नाही. कुणाचं नाव घेत नाही, कारण हा एका दवाखान्याचा दोष नाही, पद्धतीचा आहे. आणि डॉक्टरांवर मी उगाच तोंडसुख घेत नाही. सरकारी ओपीडीत सकाळी नऊला रांग जिन्यापर्यंत आलेली मी पाहिली आहे. एका खुर्चीवर बसून दीडशे कातड्या बघणाऱ्या त्या पोरसवदा डॉक्टरणीला मी 'माझं हृदयही बघा' म्हणत नाही. मी म्हणते, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं वजन आणि बीपी नर्सबाईंनी लिहून ठेवावं. केस पेपरवर त्यासाठी एक चौकोन छापावा. चौकोन असला की तो भरला जातो, हे मला हजेरीपटानं शिकवलंय. आकडा जास्त आला तर चिठ्ठी लिहून मेडिसिनच्या ओपीडीत पाठवावं. बस, एवढंच.

हे अशक्य नाही, कारण शेजारच्याच रोगाच्या बाबतीत ते ठरलेलं आहे. सोरायसिसच्या रुग्णाला हृदयाच्या धोक्याची कल्पना द्यावी आणि त्याची तपासणी करावी असं अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली कॅन्सरच्या रुग्णांच्या हृदयाची काळजी कशी घ्यावी यावर पहिल्यांदाच स्वतंत्र, भलामोठा ग्रंथच म्हणावा अशा सूचना काढल्या. म्हणजे वाट मळलेली आहे. आमच्यासारखे थोडे आहेत म्हणून आम्हाला त्या वाटेवर घ्यायचं नाही का? वर्गात पटावर साठ मुलं असली तरी शेवटच्या बाकावरच्या एकट्या पोराची हजेरी मी कधी गाळली नाही.

आता वळते घरच्यांकडे. (म्हणजे तुमच्याकडेच. पान बंद करू नका!)

कॅन्सर हा शब्द ऐकला की आपल्या घरांत दोन गोष्टी होतात. एक, लपवालपवी. दुसरी, लाड. 'खाऊ द्या हो त्यांना, आता काय पथ्य!' म्हणत ताटात तळलेलं, साखरेतलं, तुपातलं येत राहतं. जो माणूस अजून वीस वर्षं जगणार आहे त्याला निरोपाच्या पंगतीत बसवलं जातं. हा प्रेमाचा प्रकार मला अजिबात कळत नाही. माझ्या धाकट्या जाऊबाई दर वेळी डबाभर करंज्या आणतात आणि वर म्हणतात, "खा हो वन्सं, जिवाला बरं वाटेल." (नात्यानं मी त्यांची जाऊ, पण त्या वन्सं म्हणतात, असो.) जाऊबाई, जिवाला खरंच बरं वाटायला हवं असेल तर माझ्याबरोबर संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत चला.

चालण्याचंही तेच. 'बाहेर जाऊ नका, ऊन लागेल, इन्फेक्शन होईल, लोक अंगाकडे बघतील.' माणूस घरात बसतो. रात्री खाजेनं झोप नाही, दिवसा हालचाल नाही, पोटाचा घेर वाढतो, मन खचतं. यातली प्रत्येक गोष्ट हृदयाच्या मुळावर येणारी. आणि तंबाखू! पुरुषांची बिडी-सिगारेट निदान दिसते तरी. आपल्याकडच्या बायकांच्या मिश्रीला कुणी व्यसन म्हणायलाच तयार नाही. दात घासायला म्हणून दिवसातून चार वेळा बोट फिरतं. तंबाखू ओढली नाही, नुसती तोंडात धरली तरी झटक्याचा धोका वाढतो, हे इंटरहार्टच्याच माहितीतून २००६ साली स्पष्ट झालं आहे. चट्ट्यांसाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि परतताना बसस्टँडवर मिश्रीची पुडी घ्यायची, याला काय अर्थ आहे?

सगळ्यात घातक गोष्ट शेवटी. कॅन्सरच्या माणसाला काहीही झालं की ते कॅन्सरच्या खात्यावर टाकलं जातं. दम लागला? अशक्तपणा असेल, रोगामुळे. छातीत जड वाटतंय? औषधांनी अ‍ॅसिडिटी झाली असेल. पाय सुजले? आता असंच व्हायचं. नाही हो! छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, एकाएकी दम, बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा, ही झटक्याची लक्षणं असू शकतात. कॅन्सर असलेल्या माणसालाही ती हृदयाचीच लक्षणं असतात. तेव्हा ओवा चावायला देऊन वाट बघायची नाही. महाराष्ट्रात कुठेही १०८ नंबर फिरवायचा आणि जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा. गाडीत बसतानाच सांगायचं की हा लिम्फोमाचा पेशंट आहे, ही त्याची औषधं. लपवायचं नाही.

मी काय करते ते सांगते, उपदेश म्हणून नाही, करता येतं हे कळावं म्हणून. घरी बीपीचं मशीन आणलंय. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं शांत बसून मोजते आणि जुन्या रोजनिशीत लिहिते. साखर आणि चरबी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरावीक काळानं तपासते. एका कागदावर रोगाचं नाव, टप्पा, सगळ्या गोळ्या आणि मलमं मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवली आहेत. ज्या कुठल्या डॉक्टरांकडे जाईन, मग ते दाताचे का असेनात, त्यांच्या टेबलावर आधी तो कागद ठेवते. मनानं कुठली गोळी सुरू करत नाही, मनानं बंद करत नाही. हृदयासाठी चांगली म्हणून कुणी सांगितलेली अ‍ॅस्पिरिनसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाही, कारण तिनं रक्तस्राव होऊ शकतो. आणि गेल्या खेपेला त्वचेच्या डॉक्टरांना मी सरळ म्हटलं, "डॉक्टर, डाग तर तुम्ही बघितलेत, आता हे आकडेही बघा." त्यांनी रोजनिशी उलटसुलट करून बघितली, हसल्या आणि फाइलमध्ये बीपी लिहून घेतलं. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

म्हणजे रुग्णानं मागितलं तर मिळतं. पण मागायला बळ लागतं, माहिती लागते, आणि खेड्यातून पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाकडे ते असेलच असं नाही. न मागता मिळायला हवं, एवढंच माझं म्हणणं. तोवर आपणच एकमेकांसाठी मागू या. तुमच्या ओळखीत, नात्यात असा कुणी रुग्ण असेल, लिम्फोमाचा, सोरायसिसचा, कुठल्याही कॅन्सरचा, तर पुढच्या वेळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा आणि त्याच्या वतीनं तोंड उघडा.

आणि नातेवाईकहो, मला फोन केलात की तुमचा पहिला प्रश्न असतो, 'डाग कसे आहेत?' डाग आहेत तिथेच आहेत, भाडेकरूसारखे. ते कुठे जात नाहीत आणि मलाही कुठे नेत नाहीत. यापुढे विचारायचं तर विचारा, 'बीपी किती?' आज सकाळचं १३२ वर ७८ आहे. रोजनिशीत लिहिलंय.